डोक्याला मुका मार लागलाय? अंघोळ, वुजू आणि गुस्ल करताना घ्यायची काळजी

दुचाकी घसरली, जिन्यावरून पाय सटकला, माळ्यावरचा डबा डोक्यात पडला किंवा गल्लीतल्या क्रिकेटमध्ये चेंडू कानशिलावर बसला. दवाखान्यात नेलं, सिटी स्कॅन झाला, रिपोर्ट नॉर्मल आला. डॉक्टर म्हणाले, "मुका मार आहे, काही दिवस आराम करा." घरच्यांनी अल्हम्दुलिल्लाह म्हटलं आणि सगळे आपापल्या कामाला लागले. मग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पेशंट अंघोळीला जातो आणि पाच मिनिटांत भिंत धरून बाहेर येतो. डोकं गरगरतंय, मळमळतंय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय. घरातले एकमेकांकडे बघतात. रिपोर्ट तर नॉर्मल होता, मग अंघोळीने असं काय झालं?

हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. डोक्याला मार लागलेल्या माणसासाठी दिवसातलं सर्वात अवघड काम बऱ्याचदा अंघोळ हेच असतं. आपल्या घरांमध्ये तर याला आणखी एक बाजू आहे, ती म्हणजे पाकीची. पाच वक्तांचा वुजू असतो, गुस्ल फर्ज झालेला असू शकतो, जुम्याची अंघोळ असते. "नमाज सुटायला नको" म्हणून पेशंट उठतो, मोरीत वाकतो, डोक्यावर पाणी घेतो आणि पुन्हा पडतो. म्हणून वैद्यकीय बाजू आणि दीनी बाजू या दोन्ही आम्ही इथे एकत्र मांडत आहोत. थोडक्यात सांगायचं तर बसून, कमी पाण्यात, कोणीतरी जवळ असताना अंघोळ करणं हा कमकुवतपणा नाही. तो उपचाराचाच भाग आहे आणि शरीअतनेही त्याला जागा ठेवली आहे.

मुका मार म्हणजे नेमकं काय?

डॉक्टर ज्याला कन्कशन म्हणतात त्यालाच आपण डोक्याचा मुका मार म्हणतो. कवटीच्या आत मेंदूला हादरा बसतो. बाहेर जखम असेलच असं नाही. बेशुद्ध पडलं तरच मेंदूला मार लागला, हा समजही चुकीचा आहे. बहुतेकांची शुद्ध जातच नाही. डोकेदुखी, चक्कर, मळमळ, उजेड आणि आवाज सहन न होणं, झोप बिघडणं, गोष्टी न आठवणं, चिडचिड, थोड्या कामानेही थकून जाणं ही त्याची लक्षणं असतात.

सिटी स्कॅनमध्ये रक्तस्राव किंवा हाडाचा तडा दिसतो. हादऱ्यामुळे मेंदूच्या कामकाजात झालेली गडबड त्यात दिसत नाही. त्यामुळे रिपोर्ट नॉर्मल आला याचा अर्थ जिवाला धोका दिसत नाही, एवढाच घ्यायचा. "हा नाटक करतोय" असा अर्थ त्यातून काढू नये. बहुतेक मोठी माणसं साधारण दोन आठवड्यांत बरी होतात. लहान मुलांना चार आठवड्यांपर्यंत वेळ लागू शकतो. काहींचा त्रास याहूनही लांबतो.

आधी हे बघा : अंघोळ सोडा, दवाखाना गाठा

पुढचं सगळं वाचण्याआधी ही यादी घरातल्या प्रत्येकाने वाचावी. डोक्याला मार लागल्यानंतर खालीलपैकी काहीही दिसलं तर वाट बघू नका. १०८ ला फोन करा किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात न्या.

- पुन्हा पुन्हा उलट्या होणं
- डोकेदुखी कमी न होता वाढतच जाणं
- झोपेतून उठवूनही नीट जागं न होणं, शुद्ध हरपणं
- झटके येणं
- एक डोळ्याची बाहुली मोठी आणि दुसरी लहान दिसणं
- हातापायात बधिरपणा किंवा कमजोरी, बोलताना जीभ जड होणं
- नाकातून किंवा कानातून पाण्यासारखा द्रव किंवा रक्त येणं
- माणसं न ओळखणं, विचित्र वागणं
- लहान बाळ रडायचं थांबत नसेल किंवा दूध घेत नसेल तर

घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडे आणि रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांकडे जास्तच लक्ष द्या. त्यांच्यात मेंदूभोवती हळूहळू रक्त साचून काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनीही त्रास सुरू होऊ शकतो. "दादी पडल्या होत्या, पण आता बऱ्या आहेत" असं म्हणताना पुढचे काही आठवडे त्यांची चाल, बोलणं आणि झोप यांवर नजर असू द्या.

अंघोळीतच चक्कर का येते?

माणूस तोल सांभाळतो तो तीन गोष्टींच्या जोरावर. एक डोळे, दुसरा कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग आणि तिसरी पायाच्या तळव्यांतून व सांध्यांतून येणारी जाणीव. आता अंघोळीचा विचार करा. तोंडाला साबण लावला की डोळे बंद होतात. ओल्या, निसरड्या फरशीवर तळव्यांना पक्की जागा मिळत नाही. उरतो कानाच्या आतला भाग आणि नेमका तोच हादऱ्यामुळे बिघडलेला असू शकतो. तिन्ही आधार एकाच वेळी डळमळीत होतात.

दुसरं कारण गरम पाणी. गरम पाण्याने कातडीखालच्या रक्तवाहिन्या पसरतात. उभं राहिल्यावर रक्त तसंही पायांकडे उतरतं. एरवी शरीर लगेच ठोके वाढवून आणि रक्तवाहिन्या आवळून रक्तदाब सांभाळून घेतं. मेंदूला हादरा बसल्यावर ही आपोआप चालणारी यंत्रणा काही दिवस सुस्त पडू शकते. मग वाफेने भरलेल्या बाथरूममध्ये उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते.

तिसरं कारण वाकणं. आपल्याकडे बहुतेक घरांत बादली आणि मग. माणूस खाली वाकून मग भरतो, वर येऊन डोक्यावर ओततो, पुन्हा वाकतो. एका अंघोळीत असं तीस-चाळीस वेळा तरी होतं. दुखऱ्या डोक्याला हे वर-खाली सोसत नाही.

चौथी गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. कानाच्या आत कॅल्शियमचे अगदी बारीक कण असतात. डोक्याला मार लागल्यावर ते जागेवरून सुटून तोलाच्या नळ्यांमध्ये जाऊ शकतात. मग डोकं मागे टाकलं, खाली वाकवलं किंवा अंथरुणात कूस बदलली की खोली गरकन फिरते आणि साधारण मिनिटाभराच्या आत थांबते. केस धुताना मान मागे टाकणं, रुकू, सजदा, सगळीकडे तोच अनुभव येतो. या प्रकारावर चांगला उपाय आहे. कान-नाक-घशाचे डॉक्टर डोकं ठराविक पद्धतीने फिरवून ते कण जागेवर आणतात. अनेकांना एक-दोन वेळातच आराम पडतो. त्यामुळे असं गरगरणं असेल तर "अशक्तपणा असेल" म्हणून महिनोन् महिने सहन करू नका.

यात भर पडते आवाजाची आणि उजेडाची. रिकाम्या बादलीत नळाची धार पडण्याचा आवाज, टाइल्समुळे घुमणारा प्रत्येक खणखणाट, पांढऱ्या टाइल्सवर चमकणारा एलईडी दिवा, फिनाइलचा उग्र वास. निरोगी माणसाच्या हे लक्षातही येत नाही. हादरलेल्या मेंदूला हे सगळं एकदम झेपत नाही.

पहिले एक-दोन दिवस

पूर्वी अशा पेशंटला अंधाऱ्या खोलीत दिवसेंदिवस पडून राहायला सांगत. आता तसं सांगत नाहीत. ऑक्टोबर २०२२ मध्ये ॲम्स्टरडॅमला या विषयावरच्या तज्ज्ञांची परिषद झाली. खेळाडूंना होणाऱ्या कन्कशनवरचं तिचं निवेदन २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं. पहिले २४ ते ४८ तास बेताचा आराम आणि त्यानंतर झेपेल तशी हलकी हालचाल, असा त्याचा सूर आहे. बेताचा आराम म्हणजे घरात चालणं-फिरणं, स्वतःचं खाणं-पिणं, स्वतःची स्वच्छता हे चालतं. मोबाइल आणि टीव्ही या दोन दिवसांत कमीत कमी ठेवायचे.

याचा अर्थ पहिल्या दिवसापासून अंघोळीला मनाई नाही, पण सक्तीही नाही. चक्कर जास्त असेल तर दोन दिवस कोमट पाण्यात बुडवलेल्या टॉवेलने अंग पुसून घ्यावं. पलंगावर बसूनच तोंड, मान, काखा, हात-पाय, जांघा पुसल्या आणि कपडे बदलले की माणसाला बरंच हलकं वाटतं. शौचाला जाताना मात्र जपा. देशी संडासात उकिडवं बसून एकदम उठणं हे अंघोळीइतकंच चक्कर आणणारं आहे. कमोड असेल तर तो वापरा. नसेल तर बाजारात मिळणारी कमोडची खुर्ची काही दिवसांसाठी आणा.

बाथरूमची तयारी

पेशंट आत जाण्याआधी दहा मिनिटं दुसऱ्या कोणीतरी आत जाऊन एवढं करावं.

बसायला खुर्ची. लाकडी पाट किंवा बुटकं स्टूल नको. त्यावर बसणं सोपं, पण उठताना डोकं गरगरतं. पाठ आणि हात असलेली प्लास्टिकची खुर्ची घ्या. ती ओल्या फरशीवर सरकत नाही ना, एकदा स्वतः बसून बघा. खाली रबरी मॅट टाका.

बादली उंचावर. दुसऱ्या मजबूत स्टुलावर बादली ठेवा, म्हणजे बसल्या जागी हात गेला की मग भरता येतो आणि वाकावं लागत नाही. शॉवर असेल तर हातात धरायचा शॉवर चांगला, मात्र धार हळू ठेवा.

पाणी आधीच भरून. नळाचा आवाज पेशंट आत असताना नको. पाणी कोमट असू द्या, कढत नको.

गॅस गिझर असेल तर सावध. बंद बाथरूममध्ये गॅस गिझर चालू असला की कार्बन मोनॉक्साइड साचू शकतो. या वायूला रंग नाही, वास नाही. त्याने होणारा त्रास म्हणजे डोकेदुखी, चक्कर, मळमळ आणि मग बेशुद्धी. मुक्या माराची लक्षणंही जवळपास हीच, त्यामुळे "मार लागलाय म्हणून चक्कर येतेय" असं वाटून खरा धोका लक्षातच येत नाही. बादली भरा, गिझर बंद करा, खिडकी उघडा आणि मगच पेशंटला आत सोडा. पाण्यात सोडायचा हीटरचा रॉड तर अशा पेशंटच्या आसपासही नको.

उजेड आणि वास. खिडकीतून येणारा उजेड पुरत असेल तर दिवा लावू नका. मात्र पूर्ण अंधारही नको, कारण डोळ्यांचा आधार हवाच असतो. फिनाइल मारून लगेच पेशंटला आत पाठवू नका. काही दिवस उग्र वासाचा साबणही बाजूला ठेवा.

कडी नको. दार लोटून घ्या, कडी लावू नका. कोणी आत येऊ नये म्हणून बाहेरच्या हँडलला टॉवेल अडकवून ठेवायची खूण घरात ठरवा. दाराबाहेर हाकेच्या अंतरावर एक माणूस असावा. पडल्याचा आवाज आला आणि दार आतून बंद असेल तर ते तोडण्यात गेलेली मिनिटं महागात पडतात.

अंघोळ करताना

वेळ अशी निवडा की पेशंटला दिवसातलं सर्वात बरं वाटत असेल. फजरच्या घाईत किंवा नळाला पाणी आलंय म्हणून घरभर धावपळ सुरू असताना नको. उपाशीपोटी नको आणि भरपेट जेवल्यावर लगेचही नको. आधी ग्लासभर पाणी प्या.

आत गेल्यावर आधी खुर्चीवर बसा. पाणी पायांवर घ्या, मग हात, मग खांदे. एकदम डोक्यावर ओतू नका. तोंडाला साबण लावताना एक हात खुर्चीच्या हातावर किंवा भिंतीवर ठेवा. डोळे मिटायचे ते क्षणभरच. खाली पडलेला साबण उचलायला वाकू नका, राहू द्या. दोरी बांधलेला साबण किंवा बाटलीतला साबण सोयीचा पडतो. पाय धुवायला वाकण्यापेक्षा पाय दुसऱ्या गुडघ्यावर घ्या किंवा नुसतं पाणी सोडा. सगळं मिळून पाच ते दहा मिनिटांत आटपा.

पाणी कमी पडेल अशी चिंता नको. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) एक साअ पाण्यात गुस्ल आणि एक मुद पाण्यात वुजू करत असल्याचं सहीह हदीसमध्ये आलं आहे. साअच्या मापाबद्दल मतभेद आहेत, पण हिशेब साधारण अडीच ते साडेतीन लिटरच्या आसपास जातो. म्हणजे छोट्या बादलीतही पूर्ण गुस्ल होतं. आपण दोन-दोन बादल्या ओततो ती सवय आहे, गरज नाही.

अंघोळ झाल्यावर लगेच उभं राहू नका. खुर्चीवर बसूनच अंग पुसा. पुढून बटणं असलेला शर्ट किंवा गाऊन घाला, म्हणजे घट्ट गळ्यातून डोकं घालताना मान वाकडी करावी लागत नाही. मग भिंत धरून सावकाश उठा आणि पंधरा-वीस मिनिटं पडून राहा. मध्येच चक्कर वाढली तर साबण अंगावर तसाच राहिला तरी चालेल. हाक मारा, बसून राहा. साबण नंतर पुसता येतो.

केस आणि टाके

केस धुणं हे वेगळं काम समजा. अंघोळीच्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी करा. मान मागे टाकून किंवा पुढे वाकवून धुऊ नका. ताठ बसून, दुसऱ्या कोणीतरी मागून हळूहळू पाणी सोडावं. खसाखसा चोळणं, टॉवेलने झटकणं, हेअर ड्रायर हे सगळं काही दिवस टाळा. लांब केस असलेल्या बायकांनी सैल वेणी घालून ठेवावी, म्हणजे गुंता होत नाही. विंचरताना बसणारे झटके दुखऱ्या डोक्याला फार लागतात.

टाके असतील तर पहिले एक-दोन दिवस जखम कोरडी ठेवायला सांगतात आणि डोक्याचे टाके साधारण ७ ते १० दिवसांनी काढतात. तुमच्या डॉक्टरांनी जे सांगितलं असेल तेच पाळा. टाक्यांवर हळद, तेल, सुरमा असं काहीही घरगुती लावू नका.

वुजू, गुस्ल आणि तयम्मुम

आता तो प्रश्न, जो अनेक जण डॉक्टरांना विचारत नाहीत आणि मौलानांनाही विचारायला लाजतात.

सुनन अबू दाऊदमध्ये हजरत जाबिर (रजि.) यांच्याकडून एक प्रसंग आला आहे. प्रवासात एका माणसाच्या डोक्याला दगड लागून जखम झाली. त्यानंतर त्याला गुस्लची गरज पडली. त्याने सोबत्यांना विचारलं की मला तयम्मुमची सवलत आहे का? ते म्हणाले, पाणी मिळतंय, तेव्हा सवलत दिसत नाही. त्याने गुस्ल केलं आणि तो वारला. ही बातमी कळल्यावर प्रेषित मुहम्मद (सल्ल.) त्या सोबत्यांवर अतिशय नाराज झाले. त्यांनीच त्याचा जीव घेतला, असं ते म्हणाले. माहीत नव्हतं तर विचारलं का नाही, अज्ञानावरचा इलाज विचारणं हाच आहे, असंही त्यांनी बजावलं. या हदीसच्या शेवटी पट्टीवर मसह करण्याचा जो भाग आहे त्याच्या सनदीबद्दल मुहद्दिसांमध्ये चर्चा आहे. प्रसंगाचा बोध मात्र स्पष्ट आहे. जखमी डोक्याच्या माणसाला "पाणी आहे ना, मग कर अंघोळ" असं बेधडक सांगणं ही दीनदारी नाही.

कुरआनमध्ये सूरह निसाच्या ४३ व्या आणि सूरह माइदाच्या ६ व्या आयतीत आजाऱ्यासाठी तयम्मुमची सवलत आली आहे. पण सवलतीलाही क्रम आहे. पाण्याने त्रास होतोय की पद्धतीने, हे आधी बघा. मुक्या मारात बऱ्याचदा पाण्याचा काही दोष नसतो. त्रास उभं राहण्याचा, वाकण्याचा आणि कढत पाण्याचा असतो. खुर्चीवर बसून, कोमट पाण्याने गुस्ल जमत असेल तर तेच करायचं. फक्त डोक्यावर पाणी घेणं अपायकारक असेल तर बाकी अंग धुऊन डोक्याचं काय करायचं ते विचारायचं. इथे मसलकनुसार पद्धत बदलते. राज्याच्या इतर भागांत बहुतेक हनफी आहेत, तर कोकणातल्या आपल्या बांधवांमध्ये शाफई पद्धत चालते. जखमेच्या जागेवर मसह, उरलेलं अंग धुणं आणि त्यासोबत तयम्मुम करायचं की नाही, याबाबत दोन्हींमध्ये फरक आहे. म्हणून आम्ही इथे फतवा देत नाही. आपल्या इमामसाहेबांना फोन करा आणि डॉक्टरांनी काय सांगितलंय ते त्यांना नेमकं सांगा. पाण्याने आजार वाढेल किंवा बरं व्हायला उशीर लागेल असं जाणकार डॉक्टर सांगत असतील, किंवा स्वतःचा तसा स्पष्ट अनुभव असेल, तर तयम्मुमचा मार्ग खुला आहे.

जुम्याचं गुस्ल सुन्नत आहे. दोन-तीन जुमे ते सुटलं तर मनाला लावून घेऊ नये. बहिणींसाठी एक गोष्ट : जनाबतच्या गुस्लमध्ये वेणी सोडायची गरज नाही, पाणी मुळांपर्यंत पोहोचलं पाहिजे, असं हजरत उम्मे सलमा (रजि.) यांच्या हदीसवरून स्पष्ट होतं. आणखी शंका असेल तर एखाद्या आलिमा बाजींना विचारा.

वुजूत दोन जागा धोक्याच्या आहेत. एक, उभं राहून पाय उचलून बेसिनमध्ये धुणं. एका पायावर, ओल्या फरशीवर, चक्कर येत असताना हे अजिबात करू नका. खुर्चीवर बसून पुढे टोपलं ठेवा आणि तांब्याने पाणी घ्या. दुसरी, नाकात जोरात पाणी ओढणं आणि शिंकरणं. त्याने डोक्यात कळ जाते. नाकाच्या किंवा कवटीच्या हाडाला तडा असेल तर ते घातकही ठरू शकतं. अशा वेळी हलक्या हाताने जितकं जमेल तितकंच. वुजूच्या फेऱ्या कमी करायच्या असतील तर जुहर वक्ताच्या शेवटी आणि असर वक्त लागताच पढा. एका वुजूत दोन्ही होतात.

नमाजचंही तसंच. उभं राहून जमत नसेल तर बसून, बसून जमत नसेल तर कुशीवर, हे हजरत इम्रान बिन हुसैन (रजि.) यांच्या हदीसमध्ये आहे आणि ती हदीस सहीह बुखारीत आहे. सजद्यात डोकं गरगरत असेल तर इशाऱ्याने, रुकूपेक्षा सजद्यासाठी थोडं जास्त झुकून पढता येतं. मस्जिदमध्ये पंचविशीतला धडधाकट दिसणारा तरुण खुर्चीवर बसलेला दिसला तर त्याच्याकडे वळून वळून बघू नका. मुका मार बाहेरून दिसत नाही. रमजान असेल तर रोजाबद्दलही डॉक्टर आणि इमाम दोघांना विचारा. आजाऱ्याला नंतर कजा रोजे ठेवायची सवलत सूरह बकराच्या १८५ व्या आयतीत आहे आणि शरीरात पाणी कमी पडलं की चक्कर वाढतेच.

घरच्यांसाठी

अंघोळीला मदत लागणं हे मोठ्या माणसाला फार जड जातं. अब्बांना मुलाने अंघोळ घालणं, सासूला सुनेने मदत करणं, यात दोघांनाही संकोच असतो. सतर झाकून, कमरेला लुंगी किंवा वरून चादर ठेवूनही मदत करता येते. नवऱ्याने बायकोला किंवा बायकोने नवऱ्याला मदत करणं सर्वात सोपं. तेही नको असेल तर पाणी भरून द्या, खुर्ची लावून द्या आणि दाराबाहेर बसा. आतल्या माणसाला सारखं "झालं का? बरं वाटतंय का?" विचारत राहू नका, आवाजाने त्याचं डोकं दुखतं. दोन-तीन मिनिटांनी दारावर एक हलकी टकटक पुरे.

एक गोष्ट दबक्या आवाजात सांगण्यापेक्षा स्पष्ट सांगितलेली बरी. काही बहिणींना हा मार रस्त्यावर नाही, घरातच लागलेला असतो आणि दवाखान्यात "मोरीत घसरून पडले" असं सांगितलं जातं. डॉक्टरांना खरं सांगा. पहिला हादरा पूर्ण बरा होण्याआधी डोक्याला पुन्हा मार लागणं जास्त धोक्याचं असतं. महिलांसाठी १८१ हा मदतीचा क्रमांक आहे.

पुन्हा नेहमीसारखी अंघोळ कधी?

यासाठी तारीख ठरवू नका, डोक्याचं ऐका. अंघोळीआधी त्रास १० पैकी किती आहे ते स्वतःला विचारा. अंघोळीनंतर तो एक-दोन गुणांनी वाढला आणि तासाभरात उतरला तर चिंता नाही, तेवढं चालतं. त्याहून जास्त वाढला किंवा तासाभरानंतरही राहिला तर उद्या पाणी आणखी कोमट, वेळ आणखी कमी. तीन-चार दिवस ठीक गेले की एक पायरी वर चढा. आधी केस धुणं, मग खुर्चीला धरून थोडा वेळ उभं राहणं, मग पूर्ण उभं राहून. खुर्ची मात्र आणखी आठवडाभर बाथरूममध्येच असू द्या. कडी सर्वात शेवटी.

दोन आठवडे उलटले, मुलांच्या बाबतीत चार, आणि तरीही अंघोळीत चक्कर येतच असेल तर पुन्हा डॉक्टरांकडे जा. कानाच्या तोलाची तपासणी, मानेची तपासणी आणि तोल सुधारण्याचे व्यायाम, यांचा बऱ्याच जणांना फायदा होतो. "आता अशीच सवय करून घ्यायची" असं कोणी म्हणत असेल तर ते मान्य करू नका.

अल्लाह सर्व आजाऱ्यांना शिफा देवो. आमीन. वाचकांपैकी कोणाच्या घरी सध्या असा पेशंट असेल तर आज एवढंच करा. मोरीतला पाट बाहेर काढा आणि त्या जागी एक मजबूत खुर्ची ठेवा.